खालची खोली

अंबाडी,
१२ जानेवारी २००४

मा. ग्रंथपाल साहेब,
सार्वजनिक वाचनालय, भिवंडी.
स. न. वि. वि.

तुमच्या फिरत्या पेटीची मी अंबाडीतली वाचक. नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीत दर महिन्याला तुमची लोखंडी पेटी येते. माझा मोठा भाऊ दीपेश भाजीचा टेम्पो चालवतो. तो माझ्यासाठी पेटीतली पुस्तकं घरी आणतो आणि वाचून झाली की परत नेऊन ठेवतो. चार वर्षं हे असंच चाललंय. या खेपेला झाकणाला आतून एक नोटीस चिकटवलेली होती. पेटीच्या वाचकांनी मार्चअखेर वाचनालयात समक्ष येऊन रजिस्टरवर सही करावी, नाहीतर अंबाडीची पेटी बंद.

गिरणीवाले हसून म्हणाले, "ही पेटी तुझ्याशिवाय उघडतं कोण?" म्हणजे ती राहायची की जायची, हे माझ्या एकटीच्या सहीवर आलं.

साहेब, मला यायला जमणार नाही. आईचं बघावं लागतं, घरात शेतीची कामं असतात. सही टपालाने पाठवली तर चालेल का?

दुपारी सगळी निजली की मी मागच्या पडवीत पुस्तक घेऊन बसते. समोर कापणी झालेली भाताची खाचरं दिसतात. वाचता वाचता डोळा लागतो आणि पुस्तकातली माणसं खाचरांतून चालत पडवीपर्यंत येतात. जागी झाले की कुठलं वाचलं आणि कुठलं बघितलं, ते कळत नाही.

एक विचारू का? तुमचं वाचनालय आतून कसं दिसतं? मी आजवर फक्त त्याची पेटी बघितली आहे.

आपली,
सुकन्या लडकू शेलार


भिवंडी,
२४ जानेवारी २००४

सुकन्याताई यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचले. सही समक्षच घ्यावी लागते, असा नियम आहे. टपालाने चालत नाही.

वाचनालय आतून कसं दिसतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही. म्हणून दोन ओळी जास्त लिहितो.

मंडईच्या मागच्या गल्लीत आपली दुमजली इमारत आहे. चोवीस पायऱ्यांचा लाकडी जिना चढून वर आलात की समोर वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि त्याच्या पलीकडे सागवानी कपाटं. काचा जुन्या, जरा हिरवट. दुपारचं ऊन पडलं की आतली पुस्तकं दुसऱ्याच कुठल्या गावात ठेवल्यासारखी लांब दिसतात. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, पण भोवती सगळे कापडाचे लूम आणि लूमना वाचता येत नाही. दिवसभर खटाखट चालूच. त्याची सवय होते. मग एखादे वेळी लाइट जाते आणि सगळ्या गावातले लूम एकदम थांबतात. तेव्हा इथे बसलेला प्रत्येक माणूस पुस्तकातून मान वर करतो, जणू त्याला कुणी हाक मारली. दोन क्षण सगळे एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा वाचायला लागतात.

खिडकीजवळ एक खुर्ची आहे. तिथून कामवारी नदीच्या काठची झाडं दिसतात. तुम्ही याल त्या दिवशी ती राखून ठेवीन.

ग्रंथपालांकरिता,
के. म. तरे


अंबाडी,
३ मार्च २००४

साहेब,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र इतक्या वेळा उघडलंय की घडीवर फाटायला आलं. आता मला वाचनालय पाठ आहे. परवा तर स्वप्नात आले होते तिथे. जिना चढत होते, पायऱ्या संपत नव्हत्या, पण दमायला होत नव्हतं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी बसून वाचत होतं आणि मला वाट द्यायला पाय जवळ घेत होतं. वर पोचले आणि सगळ्यांनी मान वर केली. लाइट गेली असणार.

घरी थोडी अडचण आहे. होळी झाली की नक्की येते. तोवर पेटी चालू ठेवा.

आपली,
सुकन्या


भिवंडी,
८ एप्रिल २००४

सुकन्याताई यांस,

होळी झाली, पाडवाही झाला. मुदत मी एकदा वाढवून घेतली. खिडकीजवळची खुर्ची तीन सोमवार अडवून ठेवली, त्यावरून दोन सभासदांशी बोलाचाली झाली. अंबाडी म्हणजे काही काशी नव्हे, वाडा-भिवंडी एसटी रोज जाते-येते. ज्याला यायचं असतं तो येतो.

३० एप्रिलला पेटी परत मागवण्यात येईल. कळावे.

ग्रंथपालांकरिता,
के. म. तरे


अंबाडी,
२ मे २००४

साहेब,

पेटी गेली. गिरणीत त्या कोपऱ्यात आता कोंड्याची पोती आहेत.

मी आले होते. १९ एप्रिल, सोमवार. दादाच्या टेम्पोत पुढे बसून आले.

तीन वर्षांची असताना मला पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. घरात मी हातांवर सरकत फिरते. अंगणात कुबड्या घेऊन चार पावलं टाकते. हे तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुमच्या पत्रातली सुकन्या जिना चढून वर यायची. मला ती आवडायला लागली होती.

दादा म्हणाला, "बस पाठीवर, दोन मिनटात वर नेतो." मी एकतीस वर्षांची आहे, साहेब. जन्मात पहिल्यांदा वाचनालयात जायचं आणि तेही पाठीवरच्या पोत्यासारखं? मी नको म्हटलं. टेम्पोतून जिना दिसत होता. पायऱ्या मोजल्या. तुम्ही लिहिल्या तेवढ्याच होत्या. वाटलं, थोडा वेळ इथेच बसून राहावं, लाइट जाते का बघावं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक माणूस ओरडला, "ए टेम्पोवाल्या, दरवाजा सोडून लाव गारी! लोकांना वाट न्हाय जायला!" दादाने टेम्पो काढला. आम्ही घरी आलो.

मला राग नाही आला. फक्त 'ज्याला यायचं असतं तो येतो', याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

सुकन्या


भिवंडी,
११ मे २००४

सुकन्याताई,

खिडकीतून ओरडलेला माणूस मीच.

तुमचं पत्र घेऊन अंजूरला घरी गेलो आणि बायकोला, कमळेला, वाचून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "वाट कुनाची आडली व्हती, आन तुमी वरडलात कुनावर?" मला जेवण गेलं नाही.

दुसरी गोष्ट. मी ग्रंथपाल नाही, शिपाई आहे. माझं नाव केसरीनाथ. ग्रंथपाल दोन वर्षांपूर्वी सोडून गेले, ती जागा कुणी भरली नाही. पत्रांना उत्तरं मीच देतो. तुम्ही 'साहेब' लिहिलंत आणि मी ते तसंच राहू दिलं. पत्रात तुम्ही चालत होतात, मी खुर्चीत बसत होतो. दोघांची सारखीच चूक म्हणून माफ करा.

सभासदाचा फॉर्म सोबत आहे. सही करून दीपेशकडे द्या. 'समक्ष घेतली' असं मी लिहीन, देव बघून घेईल. पेटी पुढच्या महिन्यापासून पुन्हा येईल.

आणि एक. जिन्याखाली एक खोली आहे. आत जुनी वर्तमानपत्रं, मंडपाचे बांबू, मोडक्या खुर्च्या. रस्त्याला लागून आहे, मध्ये उंबरासुद्धा नाही. अठ्ठावीस वर्षं मी रोज तिच्या डोक्यावरून वर गेलो.

केसरीनाथ महादू तरे


भिवंडी,
४ जानेवारी २००५

चि. सुकन्या,
अनेक आशीर्वाद.

तू 'काका' लिहायला लागलीस, म्हणून मीही चिरंजीव लिहितो. आठ महिने पेटीतून तुझ्या चिठ्ठ्या येत राहिल्या. मी त्यांत फक्त पुस्तकांचं बोललो, खोलीचं नाही. काम होईल याची खात्री नव्हती.

आपले अध्यक्ष तुळशीरामशेठ सुताचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण त्यांना कारण लागतं. म्हणाले, "एका मुलीसाठी खोली उघडायची, केसरीनाथ?" मी म्हटलं, "शेठ, एकच मुलगी हाय का, ते खोली उघडल्याबिगर कसं कलंल?" ते हसले. म्हणाले, "साफ तू करायची." केली. सहा महिने लागले, रोज जेवणाच्या सुट्टीत. आता चुना लावलाय आणि वरची नऊशे पुस्तकं खाली आणली आहेत. निवड तुझ्या चिठ्ठ्यांवरून केली. कपाटं बुटकी आहेत, खाली बसून हात पोचेल अशी.

१६ तारखेला, रविवारी ये. टेम्पो दरवाजाला चिकटवून लावायला दीपेशला सांग. कुणी ओरडलं तर माझ्याशी गाठ आहे.

तुझा,
केसरीनाथकाका


अंबाडी,
२० मार्च २००५

ती. केसरीनाथकाका,
सा. न.

त्या पहिल्या दिवशी नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते. टेम्पोतून उतरले, दोन कुबड्या, सात पावलं, आणि आत. कुणी धरलं नाही, कुणी वाहून नेलं नाही. तुम्ही दाराशी उभे होतात आणि मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल! तुम्ही फक्त चटई झटकलीत. मी कपाटाला टेकून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. दुपारी लाइट गेली. मी मान वर केली, तुम्हीही केलीत. तेवढ्यासाठी मी वर्षभर थांबले होते.

आता दर सोमवारी येते, तर खोलीत माणसं वाढतच आहेत. लूम दुरुस्त करणारे जॉबर नामाकाका म्हणतात, गुडघे गेल्यापासून सहा वर्षं वर आलो नव्हतो. यंत्रांनी कानही गेलेत त्यांचे, त्यामुळे विनोद वाचला की फार मोठ्याने हसतात. जुलेखाबी गल्लीतच राहतात, घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरतात. त्यांनी मला सांगितलं, "ऊपर मर्द लोग पेपर पढते बैठते, हम कैसे जाते? यहां तो दरवाजा ही सडक पे है." त्यांना मराठी बोलता येतं, वाचता नाही. मी त्यांना अक्षरं दाखवते, त्या मला उर्दू दाखवतात. एका पानावर आम्ही दोन बाजूंनी निघतो आणि मध्ये कुठेतरी भेटतो.

सोमवारी घरी परतताना टेम्पोच्या काचेतून सगळं बुडून गेल्यासारखं निळं दिसतं. गोदामं, झाडं, नाक्यावरचे दिवे. दादा विचारतो, काय बघतेस? मी म्हणते, काही नाही. मी तेव्हा अजून खोलीतच असते.

तुमची,
सुकन्या


भिवंडी,
३ ऑगस्ट २००५

चि. सुकन्या,

पावसाने थोडं पाणी आलं होतं, ओसरलं. फोन बंद आहे म्हणून पत्र टाकतो. इथे सर्व ठीक. काही पुस्तकं भिजली. खोली थोडे दिवस बंद राहील, तेव्हा तू येण्याची घाई करू नकोस. आईला नमस्कार.

केसरीनाथकाका


अंबाडी,
७ ऑगस्ट २००५

ती. काका,

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. तुमचं पत्र कधी एवढं लहान नसतं.

रस्ता सुरू झाल्यावर दादा भिवंडीला जाऊन आला. त्याने सगळं सांगितलं. २६ जुलैला दुपारी कामवारीचं पाणी गल्लीत शिरलं. तुम्ही छातीएवढ्या पाण्यातून पुस्तकं उचलून जिन्यावर ठेवत होतात. जुलेखाबी पायरीवर उभ्या राहून ती घेत होत्या. शेवटी लोकांनी तुम्हाला ओढून वर काढलं. वरच्या मजल्यावरचं एक पान भिजलं नाही आणि खालची जवळजवळ सगळी पुस्तकं गेली. कमिटी म्हणाली, वर होती तेव्हा शंभर वर्षं टिकली असती. तुम्ही राजीनामा लिहून दिलात, आणि त्यांनी तो घेतला.

माझ्यासाठी खाली आणलेली पुस्तकं होती ती, काका. हे लपवून माझं ओझं कमी होतं का?

दादा म्हणतो, ओल्या पुस्तकांचा ढीग जिन्यात पडलाय, नगरपालिकेची गाडी आली की टाकणार आहेत. टाकू देऊ नका. मंगळवारी दादा टेम्पो घेऊन येतोय. सगळी द्या, चिखल झालेलीसुद्धा.

सुकन्या


अंजूर,
२२ ऑगस्ट २००५

चि. सुकन्या,

पुस्तकं टेम्पोत भरली आणि त्याच दिवशी अंगात ताप भरला. दहा दिवस दवाखान्यात होतो. काविळीसारखं काहीतरी आहे, पुराच्या पाण्याने झालं म्हणतात. आता घरी आहे. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत बाहेर पडायला मना केलंय. तसंही बाहेर पडून जायचं कुठे?

पडल्या पडल्या खोली दिसते. त्यात पाणी आहे, पण निवळशंख. सगळे पाण्याखाली बसून वाचतायत, नामा हसतोय, त्याच्या तोंडातून बुडबुडे निघतायत. कमळा म्हणते ताप डोक्यात गेला. मला मात्र त्यात बरं वाटतं.

पुस्तकांचं काय झालं ते लिही. वाईट असलं तरी लिही.

केसरीनाथकाका


अंबाडी,
१८ सप्टेंबर २००५

ती. काका,

वाईट आणि बरं, दोन्ही लिहिते. पाचशेच्या वर पुस्तकं गेली. पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. तीनशे अठ्ठावन्न वाचली. पावसात बाहेर ऊन नाही, म्हणून ती चुलीवरच्या माळ्यावर उघडी करून ठेवली. चंद्रावहिनी रोज माळ्यावर चढून पुस्तकं फिरवते, मी खाली बसून पानांत कोरडे कागद घालते. भाजीवाली मैना ओझं उतरवून तासभर बसते आणि पानं सुटी करते. तिला वाचता येत नाही, पण तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही. घरभर ओल्या कागदाचा आणि धुराचा वास. निजताना वर बघितलं की माळ्यावरची पुस्तकं श्वास घेतायत असं वाटतं. आईही आता त्यांच्याशी बोलते. काल म्हणाली, "सुका रं बाबांनो लवकर, माज्या पोरीला जायाचं हाय."

पुस्तकांबरोबर सभासदांचं जुनं रजिस्टरही आलं होतं. ते वाळवताना एकेक पान वाचलं. १९७६ पासूनचं आहे. काका, त्यात तुमचं नाव कुठेच कसं नाही?

वाचनालयाची वार्षिक सभा ९ ऑक्टोबरला आहे. खोली कायमची बंद करायचा ठराव येणार, असं दादाने ऐकलं. सभा वरच्या मजल्यावर आहे. मी सभासद आहे. मी जाणार.

सुकन्या


अंजूर,
२५ सप्टेंबर २००५

चि. सुकन्या,

सभेला जाऊ नकोस. तुला त्या जिन्यावर बघितलेलं मला सोसणार नाही, आणि मी तर तिथे असणारही नाही. तीनशे अठ्ठावन्न म्हणजे खूप झाली.

रजिस्टरचं विचारलंस. मी कामाला लागलो त्या वर्षी क्लार्कला म्हटलं होतं, मलाही एक कार्ड करा. तो म्हणाला, "दिवसभर तुझ्याच हातात असतात, तुला कार्ड कशाला?" मला ते पटलं. पुस्तकं मी पुष्कळ वाचली, पण उभ्याने, फडकं हातात घेऊन, कुणी यायच्या आत. घरी एकही नेलं नाही. एवढंच आहे, त्यात काही दुःख करण्यासारखं नाही.

केसरीनाथकाका


अंबाडी,
११ ऑक्टोबर २००५

ती. केसरीनाथकाका,
सा. न.

तुमचं ऐकलं नाही, रागावू नका.

सभा चारला होती, मी तीनला पोचले. दादाला म्हटलं, मला कुणी उचलायचं नाही. पहिल्या पायरीवर पाठमोरी बसले, हात मागच्या पायरीवर टेकले आणि अंग वर ओढलं. मग पुढची. जुलेखाबी माझ्या कुबड्या घेऊन माझ्यासोबत एकेक पायरी चढत होत्या. सभासद यायला लागले. काही बाजूने वर गेले, काही मागेच थांबले. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. पण खरं सांगू, मध्यावर कुठेतरी मी ते जुनं स्वप्न बघतेय असंच वाटायला लागलं. फक्त या वेळी हात सोलवटत होते.

पाऊण तासाने वर पोचले. लांब टेबल, हिरवट काचा, सगळं तुम्ही लिहिलं तसंच होतं. कोपऱ्यात बसले.

तुळशीरामशेठनी ठराव मांडला. म्हणाले, "माझं स्वतःचं तळमजल्यावरचं सूत पुरात गेलं. पाणी काय करतं ते मला सांगायला नको. पुस्तकं वरच सुरक्षित आहेत." त्यांचा आवाज दुखावलेला होता. मग म्हणाले, हात वर करा.

मी म्हटलं, "शेठ, सगळे सभासद आलेले नाहीत."

"कोण राहिलं?"

"नामाकाका खाली बसलेत. त्यांच्यासोबत अकरा जण आहेत. त्यांना वर येता येत नाही. त्यांचे हात कसे मोजणार?"

कुणीतरी म्हणालं, खाली जाऊन विचारून या. शेठ माझ्या हातांकडे बघत होते बहुतेक, हातांना रक्त आलं होतं. मग ते उठले आणि म्हणाले, "विचारून कशाला? सभाच खाली घेऊ."

आणि काका, सगळे खाली गेले. पन्नासेक माणसं, खुर्च्या डोक्यावर घेऊन! मला उतरायला वेळ लागला, तर थांबले. खोलीत अजून चिखलाचा वास होता, भिंतीवर पाण्याची रेघ होती माझ्या डोक्याच्या वर. तिथे दाटीवाटीने उभं राहून शेठनी ठराव पुन्हा वाचला. नामाकाकांना ऐकू गेला नाही. त्यांनी ओरडून विचारलं, "काय म्हनतात? बंद करायची?" शेठनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. नामाकाका म्हणाले, "मंग मी मरेपरेंत काय करू?" कुणी हसलं नाही.

ठराव पडला. त्या बाजूने नऊ हात होते, शेठचा त्यांत नव्हता.

खोली दिवाळीनंतर उघडेल. पुस्तकं पाण्याच्या रेघेच्या वर, उंच फळ्यांवर राहतील. ते शेठनी सोडलं नाही आणि मला त्यांचं पटलं. पण मग माझा हात पोचणार नाही, म्हणून काढून द्यायला माणूस पाहिजे. शेठ म्हणाले, "केसरीनाथचा राजीनामा अजून माझ्या खणात आहे. तो मी वाचलाच नाही, असं त्याला कळवा." तुम्ही बरे होईपर्यंत रजिस्टर माझ्याकडे दिलंय, आठवड्यातून तीन दिवस.

आज रजिस्टर उघडून पहिलं काम मी केलं, ते दादासोबत पाठवतेय. कार्डावर सही करा. समक्ष येण्याचा नियमही रविवारीच रद्द झालाय. सोबत माळ्यावर वाळलेलं एक पुस्तक आहे, जहाजावरच्या माणसाचं. धुराचा वास येईल.

तुमची,
सुकन्या


अंजूर,
२४ ऑक्टोबर २००५

चि. सुकन्या,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पोचलं. कमळेने ते देवाच्या फळीवर ठेवलं होतं, मी काढून खिशात घातलं.

पुस्तक दोन दिवस नुसतं उशाशी ठेवलं. उघडायला धीर होईना. तिसऱ्या दिवशी दुपारी बाज उचलून घरामागच्या खाडीच्या बांधावर नेली. तिकडे आमची शेती होती. आता गोदामांचे निळे पत्रे दिसतात, पण बांधावर अजून वारा आहे. आडवा झालो आणि पुस्तक छातीवर धरलं. पडून वाचताना अक्षरं वेगळी दिसतात, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. हातात फडकं नाही, कुणी येईल म्हणून कान जिन्याकडे नाही. चार पानं झाली असतील, जहाज बंदरातून निघालं. खाली भरती लागली होती. थोड्या वेळाने बाज हलतेय असं वाटलं. मी हलू दिली.

कमळा दोनदा येऊन बघून गेली. मी इतका वेळ निपचित पडलेला तिने कधी बघितला नव्हता. तिसऱ्यांदा आली ती माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बरं न्हाय वाटत का?"

"न्हाय गो," मी म्हटलं, "वाचतंय."

ती बाजेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "जरा मोठ्यांदा वाचा की." तेव्हापासून आम्ही रोज दुपारी बांधावर जातो. मी वाचतो, ती जाळं विणते. मध्येच थांबवून विचारते, त्या माणसाची बायको घरी काय करत असेल? पुस्तकात ते दिलेलं नाही. मग तीच सांगते. त्यामुळे आमचं जहाज फार हळू चाललंय.

पुस्तक येत्या सोमवारी परत करायचं आहे, असं तू आत तारखेचा शिक्का मारून दिलंयस. अजून अर्ध्याहून जास्त बाकी आहे. तरी मुदत आणखी पंधरा दिवस वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.

आपला सभासद,
केसरीनाथ महादू तरे